धागा: खानापूरच्या मराठी शाळांवर शोधनिबंध लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, सध्या बेळगावात एमए समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला प्रत्येकाने एक शोधनिबंध लिहून विभागाच्या चर्चासत्रात मांडायचा आहे. पाच हजार शब्द, हातात चार महिने. मी विषय दिला होता 'सीमाभागातील मराठी शाळांची स्थिती: एक अभ्यास'. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, याचं पुस्तक होईल, निबंध होणार नाही. विषय नको, प्रश्न घेऊन ये.

मला हा विषय सोडायचा नाही. मी शिकले त्या शाळेत आमच्या वेळी वर्ग भरलेला असायचा, आता पहिलीत बोटांवर मोजण्याइतकी पोरं आहेत. गावात सगळे म्हणतात, पालक इंग्रजीच्या मागे लागले. माझंही तेच मत आहे. हे सिद्ध कसं करायचं, आकडे कुठे मिळतात, किती शाळा घ्यायच्या, काहीच कळेना. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा की.

टिळकवाडी_कट्टा
मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मॅडमचं बरोबर आहे. सीमाभाग म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीपासून थेट कारवार आणि बीदर-भालकीपर्यंत सगळं आलं. 'स्थिती' म्हटलं की इमारती, शिक्षक, पट, निकाल, पुस्तकं, सगळंच आलं. एवढं चार महिन्यांत एकट्या मुलीला कसं झेपणार?

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर शोधायला तुम्हाला नेमकं कुठे जायचं आणि काय बघायचं ते त्या वाक्यातच दिसलं पाहिजे. एक तालुका, त्यातली चार-पाच गावं, ठरावीक वर्षं आणि मोजता येईल अशी एकच गोष्ट. 'पहिलीत किती मुलं आली' ही तशी गोष्ट आहे.

आणि बाळ, एक गोष्ट मनापासून सांगतो. तुम्ही विचारलंत 'सिद्ध कसं करायचं'. संशोधनात सिद्ध करायला बसलं की आपल्याला हवं तेवढंच दिसतं. 'पालक इंग्रजीकडे वळले म्हणून पट घटला' हे तुमचं गृहीतक म्हणून कागदावर लिहा, आणि त्याखाली लिहा: हे चुकीचं असेल तर मला काय दिसेल? या दुसऱ्या ओळीचं उत्तर सापडलं की तुमचा निबंध उभा राहील.

आकडेमोड
सरांनी विचारलेल्या दुसऱ्या ओळीचं उत्तर मी देतो, कारण या विषयावरचे बहुतेक लेख तिथेच घसरतात.

पट कमी झाला एवढ्यावरून पालकांनी शाळा सोडली असं म्हणता येत नाही. आधी गावात पहिलीच्या वयाची मुलं किती होती ते बघा. समजा एका गावात 2014 साली त्या वयाची 40 मुलं होती आणि मराठी शाळेत 32 आली. म्हणजे 80 टक्के. आज त्याच गावात 15 मुलं आहेत आणि 12 शाळेत आली. पुन्हा 80 टक्केच! पट 32 वरून 12 वर आला, वर्ग ओस दिसतो, पेपरात बातमी येते, पण पालकांनी मराठी शाळेकडे पाठ फिरवलेलीच नाही. गावात मुलंच कमी झाली आहेत. आता दुसरं गाव घ्या. मुलं तेव्हाही 40, आजही 38, आणि शाळेत आली 12. इथे मात्र पालक खरोखर दुसरीकडे गेले. दोन्ही शाळांचा पट 12 च, पण कारणं अगदी वेगळी.

खानापूरसारख्या तालुक्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. पश्चिमेकडच्या गावांतली कितीतरी कुटुंबं कामासाठी गोव्याला, पुण्याला गेली आहेत. लहान मुलं आईबापाबरोबर जातात. त्यात घरटी मुलंही आता कमी.

मग गावातली मुलं मोजायची कशी? अंगणवाडी. अंगणवाडी ताईंकडे सर्वेक्षणाची वही असते, तिच्यात शून्य ते सहा वयाची मुलं घरागणिक लिहिलेली असतात. जुन्या वह्या सगळीकडे सापडतीलच असं नाही. तिथे जनगणनेचा आधार घ्या. 2001 आणि 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाची शून्य ते सहा वयोगटाची संख्या वेगळ्या रकान्यात दिली आहे. त्यानंतरची जनगणना 2021 ला झालीच नाही, त्यामुळे अलीकडच्या वर्षांसाठी अंगणवाडीशिवाय पर्याय नाही.

म्हणजे गावागणिक तीन आकडे लागतील: त्या वयाची मुलं, मराठी शाळेत आलेली मुलं, आणि बाकीची कुठे गेली ती. हा तिसरा आकडा मिळवायला गावात बसावं लागेल. सरकारी कन्नड शाळा, खासगी इंग्रजी शाळा की गावच सोडलं, घराघराचं विचारून टिपायचं.

निपाणी_वेस
माझं मत थोडं वेगळं आहे. मराठी शाळा हा इथे नुसता आकड्यांचा विषय नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून चार पिढ्या या प्रश्नावर झिजल्या. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांनी करावी असं घटनेचं कलम 350-अ सांगतं. शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि मराठीतून न मिळणारी परिपत्रकं यांबद्दल आपल्या मुलीने लिहायला नको का? 'मुलंच कमी झाली' असं आपणच छापून आणलं तर उद्या शाळा बंद करायला तेच दाखवतील.

टिळकवाडी_कट्टा
तुमची तळमळ समजते, मीही त्याच पिढीतला आहे. पण निवेदन आणि शोधनिबंध यांत फरक ठेवायला हवा. निवेदनात आपण आपली बाजू मांडतो, निबंधात समोरच्यालाही तपासता येईल असा पुरावा मांडतो. शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा जरूर मुद्दा आहे, आणि तोही मोजता येतो: मंजूर पदं किती, भरलेली किती, अतिथी शिक्षक किती. ज्या गावात मुलं आहेत पण शिक्षक नाहीत म्हणून पालक गेले, असं एक गाव जरी नोंदींसकट दाखवलं तरी ते शंभर घोषणांहून जड भरेल.

निपाणी_वेस
शिक्षकांच्या पदांचा रकाना जरूर घ्या, मग माझी हरकत नाही. पण मुलं कमी झाली असं लिहिताना ती का कमी झाली, गावात पोट भरायची सोय का राहिली नाही, हेही दोन ओळींत यावं असं मला अजूनही वाटतं.

जांबोटी_गुरुजी
मी याच भागात सरकारी मराठी शाळेत आहे. नोंदी कुठे असतात ते सांगतो.

पहिलीच्या प्रवेशासाठी दाखल रजिस्टर बघायचं. मुलाचं नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असं सगळं त्यात असतं. 'सोडल्याचं कारण' हा रकाना नीट वाचा, पण त्यावर एकदम विसंबू नका. पुष्कळ वेळा तिथे नुसतं 'पालकांची विनंती' एवढंच असतं. अलीकडची माहिती सॅट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या ऑनलाइन यंत्रणेतही आहे, पण ती शाळेच्या लॉगिनवर दिसते, बाहेरच्याला नाही. युडायस म्हणजे देशभरातल्या शाळांची सरकारी नोंद, तिची शाळानिहाय माहिती मात्र कोणालाही बघता येते. शाळेचा अकरा आकडी कोड घेतला की पट, शिक्षक, माध्यम सगळं समोर येतं.

रजिस्टर बघायला बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी काढा. कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने, विषय आणि शाळांची नावं घालून अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये असला तर काम लवकर होतं. परवानगीची प्रत मुख्याध्यापकांना दिली की तेही मोकळेपणाने बोलतात. शिक्षक सरकारी नोकर आहे हे लक्षात ठेवा, त्याच्या बोलण्याने तो अडचणीत येता कामा नये. निबंधात शाळेचं नाव न घालता 'शाळा क' असं लिहा. तेवढंही पुरत नाही. 'कणकुंबी रस्त्यावरची एकशिक्षकी शाळा' असं लिहिलं तर अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते.

गावं निवडताना एक करा. काही ठिकाणी एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा आहेत, काही ठिकाणी फक्त मराठी. काही गावांत खासगी शाळेची पिवळी बस दारात येते, जांबोटीच्या पलीकडे काही ठिकाणी ती जातच नाही. दोन्ही प्रकारची गावं घेतलीत तर तुलना होईल.

आकडेमोड
गुरुजींनी बसचं सांगितलं ते सोनं आहे. बस येणारं गाव आणि न येणारं गाव, इंग्रजीच्या ओढीचा अंदाज यातूनच येईल.

आता वर्षांबद्दल. 2014-15 ते 2025-26 असा काळ घेतलात तर मधल्या काही वर्षांवर आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण तिथे नियमच बदलले आहेत.

मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही. 2019 च्या सुरुवातीला राज्याने आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) नियम बदलला: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांवर आरटीईतून प्रवेश नाही. त्याच 2019-20 मध्ये निवडक सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. मग कोरोना. त्या काळात फी परवडेना म्हणून मुलं सरकारी शाळेत परत आल्याचं तुम्हाला कदाचित रजिस्टरमध्ये दिसेल. आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत हा 2022 चा आदेश, जो 2025-26 ला थोड्या सवलतीने लागू झाला.

हा शेवटचा मुद्दा फार जपून हाताळा. वयाचा नियम बदलला की एका वर्षी पहिलीची संख्या अचानक घसरू शकते, आणि त्याचा मराठी, कन्नड, इंग्रजी कशाशीच संबंध नसतो. म्हणून मी तर म्हणेन 2024-25 लाच थांबा. दहा-अकरा वर्षं पुष्कळ झाली.

वाचनालय_शेजारी
संदर्भांबद्दल थोडं. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांतले प्रबंध मोफत आहेत. शाळा, माध्यम, भाषिक अल्पसंख्याक असे शब्द तिन्ही भाषांत टाकून शोधा, कारण एका भाषेत शोधलं तर बाकी दोन भाषांतलं काम हाती लागतच नाही. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत कर्नाटकावर वेगळं प्रकरण असतं, ते वाचा. मागे डोकवायचं तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1884 चा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्यावरच आहे आणि त्यात शिक्षणावर प्रकरण आहे. इंटरनेटवर सहज मिळतो. 1956 पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून शिक्षण खात्याचे जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतात. तुमच्या निबंधाला त्याची गरज नाही, पुढे पीएचडी केलीत तर जा.

शिक्षकांच्या पदांची माहिती ऑफिसातून मिळाली नाही तर माहिती अधिकार आहे. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, शेवटी नाही. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, लांबलचक अर्ज परत येतो. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, म्हणजे इथे कन्नड किंवा इंग्रजीत लिहा.

चॅटजीपीटीला संदर्भ मागू नका. नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेख ते खऱ्यासारखे सांगतं. जो कागद तुम्ही स्वतः उघडून वाचला तोच यादीत घाला.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे खूप आभार! मॅडमना काल नवा प्रश्न दाखवला आणि त्यांनी लगेच मान्य केला. 'खानापूर तालुक्यातील निवडक चार गावांत 2014-15 ते 2024-25 या काळात सरकारी मराठी शाळांतील पहिलीच्या प्रवेशात काय बदल झाला आणि त्यातला किती बदल गावातल्या मुलांची संख्या घटल्याने झाला?' दोन गावं बस येणारी, दोन न येणारी. शिक्षकांच्या पदांचा रकाना ठेवलाय, आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचं कारणही विचारणार आहे.

आता पालकांशी बोलायची भीती वाटतेय. प्रश्नावली केली आहे, पहिला प्रश्न 'आपण आपल्या पाल्यासाठी मराठी माध्यम का नाकारलेत?' असा आहे. बरोबर आहे का?

हुक्केरी_रोड
ताई, हा प्रश्न विचारलात की समोरचा अपराध्यासारखा बसेल. 'नाकारलंत' म्हणजे तुम्ही निकाल देऊनच आलात. त्यात तुम्ही गावच्याच, मराठी शाळेत शिकलेल्या. लोक तुम्हाला बरं वाटेल तेच बोलतील, किंवा पोराला इंग्रजीत घातल्याची सबब सांगतील.

असं विचारा: 'पोराला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा घरात काय काय बोलणं झालं?' आणि गप्प बसा. मग कोण म्हणालं, पैशाचं काय ठरलं, शेजारच्यांनी काय केलं, हे आपोआप येतं. आईला वेगळं भेटा. घरचा गडीमाणूस समोर असला की तोच बोलतो. महिला संघाच्या बैठकीनंतर बायका मोकळ्या बोलतात. छापील प्रश्नावली हातात देऊ नका, वहीत लिहा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, नको म्हटलं तर फोन पिशवीत.

आणि फक्त गेलेल्या पालकांना भेटू नका. ज्यांनी पोरं मराठी शाळेतच ठेवली त्यांनाही तेवढ्याच संख्येने भेटा. त्यांची कारणं वेगळी निघाली तरच तुमच्या म्हणण्याला बळ येईल.

मी कन्नड माध्यमात शिकलेला, घरी मराठी. बीईओ ऑफिसचा अर्ज किंवा परिपत्रकं वाचायला मदत लागली तर इथे टाका, त्याच दिवशी करून देईन. आपल्या भागातल्या पोरांना तीन भाषांतले कागद वाचता येतात, ती आपली ताकद आहे, तिचा वापर करा.

टिळकवाडी_कट्टा
प्रश्न छान झाला. आता लिहिण्याबद्दल.

प्रस्तावनेपासून सुरू करू नका. प्रस्तावना लिहायला बसलेला विद्यार्थी महिनाभर 'शिक्षण हा समाजाचा पाया आहे' याच्या पुढे सरकत नाही. पहिल्यांदा पद्धतीचा भाग लिहा: गावं कशी निवडली, कुठलं रजिस्टर पाहिलं, कोणाला भेटलात, काय मिळालं नाही. तो गावात जाऊन आल्या आल्या, त्याच आठवड्यात लिहायचा. मग तक्ते करा. तक्त्याखाली त्यातून काय दिसतं ते दोन-तीन वाक्यांत. मग आधीच्या अभ्यासांशी ते कुठे जुळतं, कुठे नाही. प्रस्तावना त्यानंतर, सारांश सगळ्यात शेवटी.

टिपण घेताना प्रत्येक कागदावर वर उजव्या कोपऱ्यात लिहा: कुठलं रजिस्टर किंवा पुस्तक, पान, तारीख. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर लगेच अवतरण चिन्ह घाला. नंतर आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे ओळखू येत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं असं मुलं एकमेकांना सांगतात. तो आकडा तपासणीसाठी आहे, कॉपी करायची मुभा म्हणून नाही.

आणि युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत करून घेतलंत तर फॉन्ट बदलताना जोडाक्षरं मोडतात आणि शेवटच्या रात्री तेच दुरुस्त करत बसावं लागतं.

मलप्रभाकाठ
पद्धतीचा भाग सुरू केलाय सर. प्रस्तावनेचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही, ते इथे टाकते: 'आज इंग्रजी माध्यमाच्या आकर्षणामुळे सीमाभागातील मराठी शाळा मरणपंथाला लागल्या असून मातृभाषेचे अस्तित्व धोक्यात आले आहे.'

आकडेमोड
वाक्य जोरकस आहे, पण त्यात चार दावे आहेत आणि तुमच्याकडे पुरावा एकाचाही नाही, अजून तरी. 'आकर्षणामुळे' हे तर तुम्ही शोधायला निघालेलं उत्तरच आहे. 'सीमाभागातील' म्हणालात, बघणार चार गावं. 'मरणपंथाला' म्हणजे नेमका किती पट? 'मातृभाषेचे अस्तित्व' शाळेच्या पटावरून कळत नाही, घरात काय बोलतात त्यावरून कळतं, आणि ते तुम्ही मोजतच नाही.

त्याऐवजी असं बघा: 'खानापूर तालुक्यातील अनेक गावांत मराठी शाळेचा पट घटल्याचे कारण म्हणून पालकांच्या इंग्रजीच्या ओढीकडे बोट दाखवले जाते. गावातील मुलांची संख्याही याच काळात बदलली आहे का, हे मात्र क्वचित तपासले जाते. या निबंधात चार गावांच्या नोंदींवरून या दोन कारणांचा वाटा वेगळा करण्याचा प्रयत्न केला आहे.' वाचणाऱ्याला तुम्ही काय करणार हे तीन वाक्यांत कळतं.

मलप्रभाकाठ
हे वाचून मोकळं वाटलं. जुनं वाक्य काढलं. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या पोस्टात पडेल, हुक्केरी दादांनी कन्नड मसुदा तपासून दिलाय. बीईओ ऑफिसच्या परवानगीसाठी विभागप्रमुखांची सही झाली. आता गावात कधी जाऊ? मला वाटलं होतं जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की लगेच.

जांबोटी_गुरुजी
जूनचा पहिला आठवडा नको. प्रवेश, पुस्तकवाटप, सॅट्समध्ये माहिती भरणं यांत मुख्याध्यापकाला मान वर करायला वेळ नसतो. पंधरा जूननंतर सकाळी शाळेत या, रजिस्टर काढून ठेवू. पालकांच्या भेटी मात्र त्याआधी, मेच्या शेवटीच उरकून घ्या. एकदा रोपलावणी सुरू झाली की जांबोटी-कणकुंबीकडे घरात माणूस सापडत नाही, आणि त्या पावसात संध्याकाळच्या गाडीचाही भरवसा नसतो. अंगणवाडी ताईंना मी सांगून ठेवतो. जुन्या वह्या कपाटात खाली असतात, त्या शोधायला त्यांना दोन दिवस आधी कळलेलं बरं.